413001 फोडून बघितला

सोलापूरचा पिनकोड 413001, सगळ्यांना पाठ आहे, कुरिअर मागवताना झोपेतपण सांगतो आपण, पण आकडा म्हणून त्याच्याकडे कोण बघतंय. पोस्टाच्या हिशोबात पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेश वगैरेचा झोन, शेवटचे तीन आकडे म्हणजे पोस्ट ऑफिस, 15 ऑगस्ट 1972 पासून ही सिस्टिम चालू आहे. ते राहू द्या. मला गणित बघायचंय.

अंकांची बेरीज 9, म्हणजे 9 नं भाग जाणार हे शाळेतलंच. उरतो 45889. हा मात्र लई चिवट, 7 नं जात नाही, 11 नाही, 13 नाही, शंभराच्या आतली एकही मूळ संख्या लागू पडत नाही, आणि आता ही मूळ संख्याच असणार म्हणून माणूस वही मिटणार तेवढ्यात 109 लागतो. (तपासायचं फक्त 214 पर्यंतच असतं, 215 चा वर्ग 45889 च्या पुढं जातो.) तर 413001 = 3 × 3 × 109 × 421.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जातो म्हणून ही हर्षद संख्या, नाव देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी दिलेलं. पण हर्षद संख्या ढिगानं सापडतात, त्यात कॉलर ताठ करण्यासारखं काय नाही.

खरी मजा वर्गांची आहे. 4 नं भागून 1 उरणारी कुठलीही मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, हे फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं 1640 मध्ये सांगितलं आणि सिद्ध केलं ऑयलर या गणितज्ञानं, शंभरेक वर्षांनी. आपल्याकडं 109 = 10² + 3² आणि 421 = 15² + 14². अशा दोन संख्यांचा गुणाकारपण दोन वर्गांची बेरीज होतो, ते सूत्र ब्रह्मगुप्ताच्या नावानं ओळखतात, आणि त्यातून इथं एक सोडून दोन जोड्या निघतात. घोळ घालणार होता तो 3, कारण त्याला 4 नं भागलं तर 3 च उरतो, पण तो दोनदा आलाय, म्हणजे जोडीतल्या दोन्ही आकड्यांना 3 नं गुणलं की काम भागतं, म्हणून वाचलो. शेवटी:

413001 = 324² + 555²
413001 = 576² + 285²

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मारून बघा. मी तर जाम खूश.

शेजारच्या 413003 ला हे जमणारच नाही. वर्गाला 4 नं भागलं की बाकी 0 किंवा 1, दोन वर्गांची मिळून 3 होणार कशी? आणि 413003 ची बाकी नेमकी 3.

पण कापरेकरांचा दुसरा खेळ लावला की चित्र उलटं. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करायचे, आलेल्या उत्तराला परत तेच. चार अंकी आकडा (सगळे अंक सारखे नकोत) 6174 वर येऊन थांबतो हे फेमस आहे. सहा अंकीत भानगड वाढते, थांबायच्या जागा दोन, 549945 आणि 631764, नाहीतर सात संख्यांचं एक चक्र. आपला 413001 जातो 429966, 749943, 652644, 420876 आणि तिथून चक्रात अडकतो, गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सात काठ्यांसारखा एकामागं एक: 851742, 750843, 840852, 860832, 862632, 642654, परत 420876. 413002 तर बारा पायऱ्या चढून त्याच चक्रात पडतो. आणि वर्गात नापास झालेला 413003? 431766, मग थेट 631764. दोन पायऱ्यांत मुक्कामाला.