दोरी, नट आणि वहीतला अंदाज

आज नववीच्या तासाला लंबक. सूत्र फळ्यावर लिहिलंच नाही. आधी वहीत अंदाज लिहायचा, पेनाने, खोडाखोड नाही. मगच दोरीला हात.

२५ सेंमी दोरी, १० आंदोलनं, १० सेकंद. दोरी दुप्पट केली तर? जवळजवळ अख्खा वर्ग म्हणाला, २०. घड्याळात १४. "सर, मोजताना चुकलं!" पुन्हा मोजलं, पुन्हा १४. २० यायला दोरी १०० सेंमी, म्हणजे चौपट लागते. इथे वर्ग गप्प होतो. ती शांतता आपण बोलून भरायची नाही, हेच सगळ्यात अवघड.

१०० सेंमीला एका गटाचे १८ आले. नेहमीचंच: गोळा सोडताना 'शून्य'ऐवजी 'एक' म्हटलं, आंदोलनं नऊच झाली.

खरी मजा वजनात. "जड लंबक सावकाश हलतो" याचा पुरावाच एका गटाने आणला, २० चे साडेवीस! त्यांनी वजन वाढवायला नट (बोल्टला लावतात ते) एकाखाली एक बांधले होते. गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा मध्य, ५ सेंमी खाली गेला; लंबकाची लांबी तिथपर्यंतच धरायची, म्हणजे लांबीच वाढली. उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं: दोरी कुठून कुठपर्यंत मोजलीत? पट्टी लावली आणि पोरं स्वतःच हसायला लागली. सगळे नट एकाच हुकात अडकवले, लांबी त्यांच्या मध्यापर्यंत धरली, २० परत.

(दोरी खिळ्याला नुसती गुंडाळली तर सरकते, चिरलेल्या बुचात घट्ट पकडा. झोका १० अंशांच्या आत.)

उद्यासाठी अंदाज लिहून घेतलाय: हाच १०० सेंमीचा लंबक चंद्रावर नेला तर?