उन्हाळ्यात सर्व्हे केला की ओढा गायब

नदीपासून अमुक मीटर सोडून बांधा, हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि भांडणंही त्या मीटरवरूनच होतात, पण खरी गोम त्याच्या आधीच आहे. मुळात ओढा कशाला म्हणायचं, पाणथळ कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतं? नकाशावर जाड निळी रेघ असलेल्या नदीला सहसा कोणी हात लावत नाही, मरतात ते तिला येऊन मिळणारे बारके ओहोळ, जे वर्षातले कित्येक महिने कोरडेच असतात. ऐन उन्हाळ्यात सर्व्हेला गेलं तर दिसणार काय, गोटे नि झुडपं, मग रिपोर्टात "प्रवाह आढळला नाही", त्यावर भराव, फार तर खालून एखादा पाइप, झालं काम. पुढच्या मोठ्या पावसात पाणी आपल्या जुन्या वाटेनेच येतं आणि तिथे आता कोणाचं तरी पार्किंग असतं.

पाणथळीचं तर अजून अवघड, कारण ती कोरडी पडली तरी पाणथळच असते. अमेरिकेत हे तपासायला जमीन खणून बघतात. हातभर खड्डा, त्यातलं ओलं ढेकूळ घ्यायचं आणि मन्सेलच्या रंगपुस्तकातल्या, म्हणजे मातीच्या रंगांचे नमुने असलेल्या पुस्तकातल्या, चौकोनांशी ताडून बघायचं. माती बरेच दिवस पाण्यात राहिली की तिच्यातला ऑक्सिजन संपतो, लोहाचा तांबूसपणा जातो आणि ती करडी पडते, फक्त मुळांच्या कडेने हवा पोचते तिथे गंजासारखे ठिपके दिसतात. म्हणजे पाणी गेलं तरी पुरावा जागेवरच. मला हे जाम भारी वाटतं.

पण माती काहीही सांगो, शेवटी चालते कायद्यातली व्याख्या. २०२३ मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टाने सॅकेट खटल्यात ठरवलं की क्लीन वॉटर ॲक्ट, म्हणजे तिथला जलप्रदूषणाचा कायदा, फक्त अशाच पाणथळींना लागू, ज्या नदी-तलावाशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या आहेत. जमिनीखालून पाणी जोडलेलं असेल तर ते धरत नाहीत! भारताचे पाणथळींसाठीचे २०१७ चे नियमही बघा, दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको म्हणतात, छानच आहे, पण नदीपात्र, भातखाचरं, सिंचनासाठी बांधलेले तलाव हे सगळं व्याख्येतूनच बाहेर.

बोस्टनजवळच्या चार्ल्स नदीवर मात्र वेगळं झालं. पूर अडवायला नवीन धरण बांधण्याऐवजी १९७० च्या दशकापासून वरच्या अंगाच्या साधारण ८,१०० एकर पाणथळीच सरकारने ताब्यात घेतल्या किंवा त्यांचे हक्क घेतले आणि तशाच ठेवल्या, कारण पाणी पसरून धरायचं आणि सावकाश सोडायचं काम त्या आधीपासून करतच होत्या. एवढा पैसा सगळीकडे नसतो हे मान्य, पण पावसाळ्यात फिरून नकाशा करायला काय हरकत आहे? आणि तो प्लॅनिंग खात्याने स्वतः करावा, बिल्डरच्या कन्सल्टंटने नाही.

तोवर कुठलाही प्लॅन हरकतींसाठी लागला की मीटर नंतर मोजा, आधी सर्व्हेची तारीख बघा.