लोकेशनचा आवाज वाचवताना: एआय काय करतं, काय बिघडवतं

एआयने बनवलेल्या क्लिपांवर चर्चा होते, कारण त्या दिसतात. मराठी सिनेमाच्या खिशाला मात्र सगळ्यात जास्त फरक पडलाय तो आवाजात. ज्या टेकला (शॉटच्या एका रेकॉर्डिंगला) पूर्वी ‘हा डबिंगला टाका’ म्हणून सोडून दिलं जायचं, तो आता बऱ्याचदा पोस्टमध्येच, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामातच, वाचतो. त्यासोबत स्टुडिओचं भाडं वाचतं, कलाकाराच्या तारखा मागत फिरणं वाचतं आणि मुख्य म्हणजे शूटिंगच्या दिवशीचा अभिनय वाचतो. सहा महिन्यांनी काचेच्या खोलीत उभं राहून तसं रडणं भल्याभल्यांना जमत नाही.

पण याच साधनांनी आवाजाची वाटही तितकीच लावता येते. आणि मराठीत ती जरा जास्तच लागते.

जुनी पद्धत अशी होती: पंख्याचा नुसता आवाज दोन सेकंद पकडायचा, त्याचा नमुना घ्यायचा आणि संपूर्ण क्लिपमधून तो वजा करायचा. एकसुरी आवाजावर हे चालायचं. बदलत्या आवाजावर चाललं नाही की मागे पाण्याच्या बुडबुड्यांसारखा किणकिणाट उरायचा. नवी साधनं गोंगाटाचा नमुना मागतच नाहीत. स्वच्छ बोलणं आणि त्यातच मिसळलेला गोंगाट अशा असंख्य जोड्यांवर त्यांना शिकवलेलं असतं, त्यामुळे ‘माणसाचं बोलणं कसं दिसतं’ हे त्यांना ठाऊक असतं. बाकीचं ती बाजूला काढतात.

यात दोन जाती आहेत आणि हा फरक एडिटरला माहीत असायलाच हवा. पहिली जात मूळ आवाजातलं काही ठेवते, काही झाकते. आयझोटोप आरएक्समधलं डायलॉग आयसोलेट, वेव्हजचं क्लॅरिटी व्हीएक्स, दा विंची रिझॉल्व्ह स्टुडिओमधलं व्हॉइस आयसोलेशन ही या घरातली. दुसरी जात मूळ ऐकून आवाज नव्याने घडवते: अडोबीचं एन्हान्स स्पीच, अ‍ॅक्सेंटाइझचं डीएक्सरिव्हाइव्ह. पहिलीकडून चूक झाली तर काहीतरी गळतं. दुसरीकडून चूक झाली तर जे बोललंच गेलं नव्हतं ते ऐकू येतं. कलाकार पुटपुटला की ती आपल्याला ओळखीचं जवळचं व्यंजन तिथे भरून टाकते, तेही स्टुडिओत रेकॉर्ड केल्यासारखं खणखणीत. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी संवाद असतील तर या जातीचं आउटपुट त्या बोलीच्या माणसाला ऐकवल्याशिवाय पुढे सरकवू नका. ‘ळ’ आणि ‘ण’ कानात तेल घालून ऐका.

आता गोंगाटाचे प्रकार. पंखा, एसी, लांबचा जनरेटर, रस्त्याची घरघर: हे जवळपास फुकटात निघतं. पत्र्यावरचा पाऊस कठीण, कारण तो खर्जापासून तारापर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो आणि बोलण्याच्या बरोबर अंगावर बसतो. रातकिडे फसवे. त्यांची किरकिर बऱ्याचदा चार ते आठ किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि ‘स’, ‘श’, ‘च’ची धारही तिथेच, किडे पूर्ण काढलेत तर पात्र बोबडं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे मागचं माणसाचं बोलणं. मांडवातला स्पीकर, शेजारच्या घरातली मालिका, ‘सायलेन्स’ म्हणून ओरडणारा असिस्टंट: मशीनच्या लेखी हेही बोलणंच, मग ते का काढेल? उलट भोवतालचा गोंगाट गेला की ते अधिकच उठून येतं. त्यामुळे गणपतीच्या दिवसांत ‘पोस्टमध्ये काढू’ हे वाक्य प्रॉडक्शनवाल्याने तोंडातून काढू नये.

क्लिप झालेला, म्हणजे प्रमाणाबाहेर जोरात आल्याने फाटलेला आवाज हा वेगळा रोग. थोडा फाटला असेल तर डीक्लिप नावाचं साधन सावरतं. फार मोठा आणि फार हळू असे दोन्ही आवाज मावणाऱ्या बत्तीस बिट फ्लोट रेकॉर्डरमुळे रेकॉर्डरमध्ये फाटण्याची भीती गेली हे खरं. पण माइकची कॅप्सूल (आवाज टिपणारा भाग) किंवा वायरलेस ट्रान्समीटर आधीच ओव्हरलोड झाला असेल तर ते बत्तीस बिट काहीही वाचवत नाहीत. कपड्याची खसखस वेगळी. काठपदराच्या नऊवारीत किंवा कडक इस्त्रीच्या सदऱ्यात लेपल, म्हणजे कपड्यांना लावायचा छोटा माइक, लपवला की येतेच. तिच्यासाठी डीरसल हे साधन आहे, पण खसखस शब्दाच्या आत आली तर बूमचाच, म्हणजे लांब काठीवर धरलेल्या माइकचाच, आवाज वापरावा. म्हणून लेपल लावला तरी बूम हवाच. एआय आहे म्हणून बूमवाला कमी करणं ही आजची सगळ्यात महागडी बचत.

मराठीत नेमकं काय बिघडतं ते पाहू. ख, घ, थ, ध, भ या महाप्राणांमधला ‘ह’चा भाग म्हणजे क्षणभराचा श्वास, आणि श्वास मशीनला गोंगाटासारखा दिसतो. सेटिंग जोरात ठेवलं की ‘खरं’चं ‘करं’ होतं, ‘भात’चा ‘बात’. यापेक्षा मोठी अडचण वाक्याच्या शेवटी आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही तिथेच येतो आणि नेमका तिथेच बोलणाऱ्याचा आवाज खाली बसतो. ‘मी तिला काही सांगितलं नव्हतं’ यातलं ‘नव्हतं’ हळू पडलं आणि मशीनने खाल्लं, तर वाक्याचा अर्थच उलटला. मूळ पटकथा समोर ठेवून प्रत्येक वाक्याचं शेपूट तपासणं हे कंटाळवाणं काम आहे. ते कुणालातरी करावंच लागतं.

कामाचा क्रम महत्त्वाचा. सेटवर प्रत्येक जागेचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा आवाज, घ्या, किमान तीस सेकंद, सगळी माणसं आपापल्या जागी गप्प उभी असताना. पूर्वी तो कट झाकायला लागायचा. आता जास्तच लागतो, कारण मशीनने साफ केलेल्या आवाजाखाली पोकळी राहते आणि थिएटरमध्ये ती कानात भरते. पोस्टमध्ये आधी खटखट, मग विजेचा पन्नास हर्ट्झचा हम (गुणगुण) आणि त्याच्या पटी, मग खसखस, मग गोंगाट वेगळा करणं, त्यानंतर ईक्यू (पट्ट्यांचा समतोल) आणि सगळ्यात शेवटी कम्प्रेसर (मोठ्या-हळू आवाजातला फरक कमी करणारा). कम्प्रेसर आधी लावला तर गोंगाट बोलण्याबरोबर वरखाली श्वास घेऊ लागतो आणि मशीनला दोन्ही वेगळं करणं अवघड जातं.

गोंगाट पूर्ण काढायचा नाही. दहा-बारा डेसिबल खाली आला की बहुतेक ठिकाणी पुरतं; उरलेल्याला भोवतालच्या आवाजाचं अ‍ॅम्बियन्स झाकतं. पहिल्या जातीच्या साधनात कच्चा आणि साफ ट्रॅक एकमेकांत मिसळता येतात, साफ सत्तर-ऐंशी टक्के आणि उरलेला कच्चा इथून सुरुवात करावी. दुसऱ्या जातीत हे करू नका. नव्याने घडवलेल्या आवाजाची फेज (लहरींची चढउतार) मुळाशी जुळत नाही, त्यामुळे मिसळलं की आवाज पाइपातून आल्यासारखा होतो. तिथे कच्चा बंद ठेवायचा आणि खाली रूम टोन द्यायचा. तसंच, लेपल आणि बूम दोन्ही वेगवेगळे साफ करून एकत्र वाजवले तर दोन्हींतला वेळेचा फरक नव्याने तपासा. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात आणि काही प्लगइन रेंडर करताना (नवी फाइल बनवताना) स्वतःचा उशीर त्यात घालतात. ओठांच्या हिशेबात हा उशीर दिसणार नाही, २४ फ्रेमला एक फ्रेम जवळपास ४२ मिलिसेकंदांची असते. पण दोन माइक एकत्र वाजताना तो लगेच ऐकू येतो.

सगळ्यात नेहमीची चूक एडिटच्या खोलीत होते. रफ कट (पहिलं कच्चं संकलन) बरा वाटावा म्हणून एडिटर प्रत्येक क्लिपवर एन्हान्स मारतो, दिग्दर्शकाला त्याची सवय लागते आणि साउंडवाल्याकडे तीच साफ फाइल जाते. आतला मूळ आवाज कायमचा गेलेला असतो. पाठवताना कच्चे आयसो, म्हणजे प्रत्येक माइकचे वेगवेगळे, ट्रॅक द्या, प्रत्येक कटच्या दोन्ही बाजूंना काही सेकंदांची हँडल्स (जादा आवाज) द्या, आणि साफ केलेला आवाज नमुना म्हणून वेगळ्या ट्रॅकवर ठेवा.

सबटायटलबद्दल थोडक्यात. व्हिस्परसारखं मॉडेल मराठी ऐकून लिहितं, पण भाषा ‘मराठी’ अशी बांधून दिली नाही तर मध्येच हिंदीत घसरतं, आणि लांब शांततेत कुणी न बोललेली वाक्यं लिहून मोकळं होतं. शांततेचे तुकडे आधी कापून मगच द्यावं. पहिला कच्चा खर्डा म्हणून वेळ चांगला वाचतो. इंग्रजी सबटायटलसाठी एका ओळीत ४२ अक्षरं, दोनच ओळी ही मर्यादा घालून दिली की मशीन पाळतं. ‘अहो’ म्हणणारी बायको आणि ‘अगं’ म्हणणारी सासू यांतलं नातं इंग्रजीत कुठे मुरवायचं, ते लेखकानेच ठरवायचं.

डबिंगमध्ये बदल आणखी खोल आहे. ‘द ब्रूटलिस्ट’ या चित्रपटात एड्रियन ब्रॉडी आणि फेलिसिटी जोन्स यांचे हंगेरियन उच्चार नेमके करायला रिस्पीचर कंपनीचं एआय आवाजाचं तंत्र वापरल्याचं एडिटर डेव्हिड यान्चो यांनी २०२५ च्या जानेवारीत सांगितलं आणि ऑस्करच्या तोंडावर मोठा वाद झाला. तंत्र समजून घेतलं तर ते मजकूर टाकून आवाज काढणं नव्हे: एक माणूस नीट उच्चारात बोलतो आणि त्या बोलण्यावर नटाच्या आवाजाचा पोत चढतो. म्हणजे अभिनय कुणाचातरी लागतोच. मजकुरातून थेट काढलेला आवाज माहितीपटाच्या निवेदनाला चालेल, दोन पात्रांच्या भांडणाला नाही. चित्राच्या बाजूने, ‘फॉल’ या २०२२ च्या चित्रपटात तीसहून अधिक शिव्या बदलून कलाकारांचे ओठ फ्लॉलेस कंपनीच्या तंत्राने नव्या शब्दांना जुळवले गेले, ते अमेरिकेतल्या पीजी-१३, म्हणजे किशोरांनाही पाहता येण्याच्या, प्रमाणपत्रासाठी. ओठ बदलण्याची सोय परवडत नसेल तर जुना नियमच पाळायचा: क्लोजअपमध्ये प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटतात, तिथे नव्या भाषेतही तसंच अक्षर हवं. मशीनचं भाषांतर याकडे बघतही नाही.

दुसऱ्या भाषेत डब करायचं तर संवाद सोडून बाकी सगळा आवाज, म्हणजे एम अँड ई (म्युझिक अँड इफेक्ट्स) ट्रॅक लागतो. जुन्या सिनेमांचा तो अनेकदा हरवलेला असतो. पीटर जॅक्सनच्या चमूने २०२१ च्या बीटल्सवरील माहितीपटासाठी मोनो टेपमधून बोलणं आणि वाद्यं वेगळी केली, तशी विभागणी करणारी साधनं आता घरच्या संगणकावर चालतात. पण निघालेला एम अँड ई जसाच्या तसा पाठवू नका. संगीत नसलेल्या जागी आवाज वाढवून ऐका. जुन्या संवादाचं भूत तिथे पुटपुटत असतं. ते तुकडे पूर्ण कापून फोली नव्याने भरावी लागते: पावलं, भांडी, दार.

आणि हा आवाज कुणाचा आहे, याचं कागदपत्र. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने, त्यांच्या आवाजाची एआय नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेश दिले. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने घडवून वापरले तेव्हा कुटुंबांची परवानगी घेतली आणि मानधन दिलं. तेव्हा कलाकाराच्या करारात ‘सर्व हक्क निर्मात्याकडे’ असं मोघम कलम लिहून भागणार नाही. कुठल्या सिनेमासाठी, कुठल्या भाषांत, ट्रेलर आणि जाहिरातीत चालेल का, कलाकाराच्या पश्चात काय, प्रत्येक नव्या वापराचे किती पैसे, आणि काम संपल्यावर आवाजाचं मॉडेल कोण पुसणार, हे वेगवेगळं लिहा. डबिंग कलाकाराचाही करार वेगळा हवा. पोत नटाचा असला तरी बोलणं त्याचं आहे.

नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये निर्मात्यांसाठी जनरेटिव्ह एआयच्या वापराच्या सूचना काढल्या. कुणाची ओळख किंवा आवाज यात गुंतला असेल तर संमती आणि आधी कळवणं त्यात अपेक्षित आहे. म्हणून टाइमलाइनवर नव्याने घडवलेल्या प्रत्येक क्लिपच्या नावात तशी खूण ठेवा, साधनाचं नाव आणि आवृत्ती लिहा, शेजारी कच्च्या टेकचा क्रमांक द्या. डिलिव्हरीच्या आठवड्यात ही यादी मागितली गेली तर आठवून लिहिता येत नाही.