कधी तक्रार केली नाही म्हणे

'त्यांनी आयुष्यात कधी तक्रार केली नाही.' आईच्या स्मरणभक्तीत आधी पाळकसाहेब म्हणाले, मग महिला मंडळातल्या काकू, शेवटी दादाही तेच म्हणाला. सगळे प्रेमानेच बोलले. मागून कोणीतरी 'आमेन' म्हटलं. मला मात्र तिथून उठून जावंसं वाटलं. का, ते घरी येऊन एवढा वेळ झाला तरी नीट कळत नाहीये.

खोटं तरी कसं म्हणू? माणसांजवळ ती खरंच काही बोलली नाही. बाबांच्या त्या वर्षांत नाही, धाकटीच्या वेळी नाही, आणि शेवटी तर... जाऊ दे, ते आज नको.

पण पहाटे ती तक्रारच करायची. आम्ही उठायच्या आधी, टेबलावर दोन्ही तळवे पालथे टाकून, डोळे उघडे ठेवून. बाकीचे डोळे मिटून प्रार्थना करतात. आई समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत करायची. आवाज चढलेला नसे, पण दाराआडून ऐकू येई. 'तुला दिसतंय ना प्रभू? मग बोलत का नाहीस?' मग बराच वेळ काहीच नाही. मग परत, 'मी इथून उठणार नाही, सांगून ठेवते.' लहानपणी मला धडकी भरायची. देवाशी असं कोणी बोलतं का?

आज वाचन बायबलमधल्या नीतिसूत्रे 31 मधलं होतं. दुसरं कुठलं असणार! सद्गुणी स्त्री. 10 ते 31, अशी 22 वचनं, इब्री म्हणजे हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षराने सुरू होणारी. ती स्त्री रात्र सरण्याआधी उठते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, वस्त्रं करून विकते, रात्री तिचा दिवा विझत नाही. मला तो अध्याय मनापासून आवडतो, आईलाही आवडायचा. पण आज ऐकताना जाणवलं की ती बाई कुठेच थकत नाही, एकदाही रडत नाही. मुलं उठून तिला धन्य म्हणतात, नवरा तिची प्रशंसा करतो. तिला काय वाटतं, हे कोणी विचारत नाही.

आईचं पवित्र शास्त्र काढून बसले. नीतिसूत्रांची पानं जवळजवळ कोरी आहेत. स्तोत्रसंहिता मात्र पेन्सिलीने भरलेली. 13व्या स्तोत्रापाशी तिने पहिल्या दोन वचनांतला प्रत्येक 'कोठवर' गोल केलाय. 88व्या स्तोत्राच्या समासात उभी रेघ आहे, इतकी दाबून मारलेली की पान उलटलं तरी बोटाला लागते. हे स्तोत्र अंधारातच संपतं. बाकीची बहुतेक गाऱ्हाणी शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही. आणि हेसुद्धा मंडळीने गायचं म्हणूनच शास्त्रात आलंय. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी आले तेही 22व्या स्तोत्राचे पहिले शब्द, तू माझा त्याग का केलास. मग आईने विचारलं तर ते लपवण्यासारखं का व्हावं? तिची श्रद्धा शांत होती असं सगळे म्हणाले. मी जी श्रद्धा ऐकत मोठी झाले ती भांडणारी होती. देव ऐकतो याची खात्री नसेल तर इतकं कोण भांडेल!

हे लिहिलं आणि तरीही मोकळं वाटत नाहीये. म्हणजे दुखतंय ते दुसरंच काहीतरी.

मी पलीकडच्याच खोलीत होते. तिने रिकाम्या खुर्चीला सगळं सांगितलं, मला काही नाही. मोठी झाल्यावरही नाही. फोनवर नेहमी 'मी बरी आहे, तू जेवलीस का?' आता सगळे मला तिच्या शांतपणाबद्दल सांगतात आणि मी मान हलवते. माझ्या वाट्याला तिचं दुःख आलं ते दाराआडून ऐकलेलं, तेवढंच. मुलीला आईचं दुःख मागायचा हक्क असतो की नाही? मला ते हवं होतं. अजून हवंय.

पुढे 1 शमुवेल उघडलं, हन्नासाठी. मूल होत नाही म्हणून रडणारी ती. तिच्या नवऱ्याचा, एलकानाचा, तिच्यावर जीव होता, यात शंकाच नाही. तो तिला म्हणतो, का रडतेस, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? बाबाही असंच म्हणाले असते, आणि तितक्याच प्रेमाने. हन्नाने त्याला काय उत्तर दिलं, ते लिहिलेलंच नाही. शिलोत, उपासनेच्या ठिकाणी, खाणंपिणं झाल्यावर ती उठली आणि परमेश्वरापुढे गेली. तिथे तिचे नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला वाटलं, ही प्यायलीय. तेव्हा कुठे ती बोलली: मी परमेश्वरापुढे आपला जीव ओतत आहे.

ती नवऱ्याशी का बोलली नाही? त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून? मला नाही तसं वाटत. त्याच्या हातात नसलेली गोष्ट त्याच्यापुढे मांडून त्याला लहान करायचं नसेल तिला. आईचंही तसंच असेल का? मी ऐकलं असतं, पण मग मला ते बाळगावं लागलं असतं. हे तिला नक्की कळत होतं.

पुढचं वचन मी आजवर भरभर वाचून पुढे जायचे. हन्ना परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तिचा मुलगा शमुवेल अजून पोटातही नव्हता. हातात काहीही पडलेलं नव्हतं, तरी चेहरा बदलला. आई खुर्ची मागे सारून बाहेर यायची, आम्हाला हाका मारायची, तेव्हा तिचा चेहरा असाच असायचा. तो चेहरा तर मला मिळाला. रोज मिळाला. म्हणजे माझ्या वाट्याला अगदीच काही आलं नाही, असंही म्हणता येणार नाही. आणि काकूंना, पाळकसाहेबांना तोच चेहरा दिसला असेल, तर त्यांनी तरी वेगळं काय म्हणावं.

दादाने विचारलंय, कबरीच्या दगडावर कोणतं वचन घालायचं. त्याच्या मनात नीतिसूत्रे 31:28 आहे, मुलं उठून तिला धन्य म्हणतात ते. मी 1 शमुवेल 1:15 सुचवणार आहे, हन्नाचं जीव ओतत आहे ते. तो म्हणेल, बघणाऱ्याला वाटेल घरात काय दुःख होतं कोण जाणे. वाटू दे, असं म्हणून बघेन. नाहीच ऐकलं तर 28वं वचन राहील, आम्ही तिला धन्य म्हणतोच. पण उद्या फोन करून विचारणार आहे.