खिद्रापूर, आज

आज आईला घेऊन खिद्रापूरला जाऊन आले. नरसोबाच्या वाडीला किती वाऱ्या झाल्या असतील, पण गाडी कधी इथल्या कोपेश्वराच्या देवळाकडे वळलीच नव्हती. फार उशीर केला.

आत शिरताच स्वर्गमंडप. 48 खांब, आणि मधोमध छतच नाही! गोल मोकळं आभाळ, बरोबर खाली तशीच गोल शिळा. उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत होता, तो बघतच आम्ही कितीतरी वेळ बसलो. वरून एक पोपट ओरडत गेला. बाराव्या शतकात शिलाहार राजांच्या कारागिरांनी आभाळच देवळात घेतलंय, असं वाटलं.

आई एका खांबावरून हात फिरवत राहिली. काळा दगड, उन्हातही गार, लाटण्यासारखा कातलेला. "हे हातानं केलं गं?" एवढंच म्हणाली.

गाभाऱ्यात कोपेश्वर शंकर, सोबत धोपेश्वर विष्णू. समोर नंदी मात्र नाही. सती माहेरी, दक्षाच्या यज्ञाला गेली तेव्हा तो तिच्यासोबत गेला म्हणे. त्याचं देऊळ कर्नाटकात, यडूरला. आईला ते फार लागलं.

निघताना कृष्णेचं पाणी संथ होतं. यडूरला पुढच्या महिन्यात जायचं ठरलंय.