खाऱ्या पाण्याची छोटी टाकी: माझा अनुभव

गोड्या पाण्यातले मासे आमच्या घरी आठ-नऊ वर्षे होते, त्यामुळे खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे त्याच कामात मिठाची भर, अशी माझी समजूत होती. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना प्रवाळ पाहिले तेव्हापासून ही हौस मनात होती. ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ती पुरी करायची तर टाकी लहान हवी, आणि लहान टाकी म्हणजे कमी काम, असा हिशेब मी मांडला होता. प्रत्यक्षात पाणी जितके कमी, तितके त्यातले बदल झपाट्याने होतात. चारशे लिटरच्या टाकीत एखादी गोगलगाय मेली तर कदाचित कळणारही नाही. वीस लिटरच्या टाकीत तीच गोगलगाय एका रात्रीत अमोनिया वाढवून बाकीच्यांचेही प्राण घेऊ शकते.

दुकानात मला आवडली होती ती वीस लिटरचीच देखणी चौकोनी टाकी. ती सोडून मी ६० × ४० × ४० सेंटिमीटरची, मागच्या बाजूला तीन कप्पे असलेली टाकी घेतली. तिचे आकारमान ९६ लिटर भरते, पण खडक आणि वाळू यांची जागा वजा केली की खरे पाणी ऐंशी लिटरच्या आसपास उरते. पाणी, खडक, काच आणि स्टँड मिळून वजन सव्वाशे किलोच्या वर जाते, म्हणून ती खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईखालच्या भिंतीला लागून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवली. हे सगळे नोव्हेंबरमध्ये झाले, ही निव्वळ नशिबाची गोष्ट. मे महिन्यात सुरुवात केली असती तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती.

पाण्याच्या प्रश्नावर घरात पहिली चर्चा झडली. सासूबाईंनी विचारले, "अगं, पाण्यात मीठच कालवायचं, तर मग समुद्र काय लांब आहे? दोन कॅन भरून आण की." मी म्हटले, "आई, आपल्या खाडीचं पाणी माशांना काय, पाय धुवायलाही नको." त्यांची शंका मात्र अगदीच गैर नव्हती. स्वच्छ किनाऱ्याजवळ राहणारे काही जण खरोखर समुद्राचे पाणी वापरतात. आमच्याकडे सांडपाणी आणि पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे घसरणारी क्षारता, या दोन कारणांनी तो मार्ग बंद होता. नळाचे पाणीही थेट चालत नाही, कारण त्यातले क्लोरीन जिवांना घातक असते आणि फॉस्फेट व सिलिकेट शेवाळाला खतपाणी घालतात. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणी टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरने) मोजले तेव्हा आकडा ३८ आला, कारण पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून त्या यंत्रात खनिजे परत मिसळलेली असतात. शेवटी खनिजांचा कप्पा टाळून नळी वेगळी काढली, पुढे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळकांडी जोडली आणि मीटरवर शून्य आले.

मीठही खाण्याचे नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे योग्य प्रमाणात असलेले मत्स्यालयाचे कृत्रिम समुद्री मीठ लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागते. ते नेहमी पाण्यात घालायचे, मिठावर पाणी ओतायचे नाही. तसे केले तर क्षणभर द्रावण फार तीव्र होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो, आणि तो पुन्हा विरघळत नाही. बादलीत छोटा पंप सोडून मी ते रात्रभर फिरत ठेवत असे.

माझी मोठी चूक मात्र मीठ कालवताना झाली नाही, ती पाणी वर भरताना झाली. अशा टाकीत बाष्पीभवनामुळे होणारी घट समोरच्या काचेत दिसत नाही, ती मागच्या पंपाच्या कप्प्यातच दिसते. टाकीवर पंखा लावल्यावर रोज सुमारे दोन लिटर पाणी उडत होते आणि मी ते तयार खाऱ्या पाण्यानेच भरून काढत होते, कारण टाकी खारी म्हणजे पाणीही खारेच घालायचे, असे मला वाटले. वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. पाच दिवसांत दहा लिटर, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम जादा मीठ मी स्वतःच्या हाताने ओतले. त्यातच पाण्याची सापेक्ष घनता, म्हणजेच खारेपणा, मोजणारा माझ्याकडचा सुईचा हायड्रोमीटर १.०२५ दाखवत राहिला, कारण सुईवर क्षारांचा थर साचला की ती जड होते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणला, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मिठाच्या) प्रमाणित द्रावणाने तो जुळवला, काचेवर टाकीतला एक थेंब सोडून झाकण मिटले आणि उजेडाकडे धरून पाहिले. निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमारेषा १.०२६ वर असायला हवी होती, ती जवळजवळ १.०३० वर होती. तेव्हा टाकीत एकही जीव नव्हता, हीच त्यातली चांगली बाजू. त्या दिवसापासून घट भरायची ती फक्त डीआयच्या पाण्याने, असा नियम झाला.

जीव नव्हता, कारण टाकी अजून 'सायकल' होत होती. कोरडा खडक आणि अरॅगोनाइट वाळू घालून मी अमोनियम क्लोराइडचे मोजके थेंब टाकले, अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन भाग) आणला आणि वाट पाहिली. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि ही वसाहत खडकाच्या छिद्रांत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दर दोन दिवसांनी परीक्षानळी प्रकाशात धरून रंग ताडून पाहणे एवढाच माझा उद्योग होता. तिसऱ्या आठवड्यात सगळ्या वाळूवर तपकिरी थर आला तेव्हा मी घाबरले. ती सिलिकेटवर वाढणारी डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, होती आणि आपोआप ओसरली. माझ्या टाकीला सहा आठवडे लागले. या काळात दुकानदार "दोन मासे टाका, त्यांच्यामुळे लवकर होईल" असे सांगतात. मासा अमोनियात जाळून वेळ वाचवण्याचा तो प्रकार मला पटला नाही.

मग प्रश्न आला काय पाळायचे, आणि या बाबतीत भारतातल्या हौशी माणसाने कोणत्याही परदेशी व्हिडिओआधी आपला कायदा वाचावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही आहेत. म्हणजे वाळू साफ करायला म्हणून परदेशी यादीत सहज सुचवली जाणारी समुद्री काकडी आपल्याकडे थेट गुन्ह्याचा विषय होते. आमच्या मावशीकडे शोकेसमध्ये जुन्या काळचा पांढरा प्रवाळ आहे. "घे, तुझ्या टाकीत शोभेल," असे ती प्रेमाने म्हणाली तेव्हा तिला हे सगळे सांगताना मलाच कसनुसे झाले. एका विक्रेत्याने मला 'जिवंत खडक' (उपयोगी जिवाणू वसलेला खडक) म्हणून प्रवाळाचेच तुकडे दाखवले आणि "इथे कोण बघतं, मॅडम" असे वर ऐकवले. मी तो व्यवहार केला नाही, आणि दुकानही बदलले.

यात माझे नुकसान झाले असे मात्र नाही. दगडी प्रवाळ सांगाडा बांधण्यासाठी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटे) रोज खेचून घेतात, तर झोअँथिड, मशरूम आणि लेदर कोरल या मऊ जातींची मागणी फारच कमी असते, त्यामुळे आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की बहुतेक भागते. कॅल्शियम ४२० पीपीएम आणि अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या (हे तिचे एकक) आसपास आपोआप टिकते. झोअँथिडबाबत एक सूचना दुकानात कोणी देत नाही: त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. ते चिकटलेला खडक उकळू नये, गरम पाण्याखाली घासू नये, आणि हात घालताना हातमोजे घालावेत. मी स्वयंपाकाची भांडी आणि टाकीची भांडी यांचे कपाटच वेगळे केले आहे.

मासे दोनच घेतले, क्लाउनफिशची एक जोडी, टाकीत पैदास झालेली. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र भारतातच विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले मासे घेण्याचे आता कारण उरत नाही. हे मासे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. आमच्याकडचा मोठा आता उघडपणे दादागिरी करतो, आणि सासूबाई त्याला 'ती' म्हणू लागल्या आहेत.

खरी कसोटी एप्रिलमध्ये लागली. खोलीत दुपारी ३४ अंश, टाकीत ३०. पंख्याचा गारवा बाष्पीभवनावर चालतो आणि ठाण्याच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, त्यामुळे पुण्याच्या मित्राच्या टाकीत पंखा जितके काम करतो तितके आमच्याकडे करत नाही. चिलर टाकीइतकाच महाग मिळत होता आणि काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडणार होता. शेवटी दिव्यांची वेळ दुपारऐवजी संध्याकाळी चार ते रात्री बारा केली, वरचे झाकण काढून माशांनी उड्या मारू नयेत म्हणून जाळी बसवली, पंख्याला तापमान-नियंत्रक जोडला, आणि सर्वांत उकाड्याच्या दोन-तीन तासांत खोलीचा एसी २७ वर चालवला. मे महिन्यात टाकी २८ अंशांवर राहिली. लेदर कोरलने आठवडाभर अंग मिटून घेतले, त्यावरची मेणचट साल गळून पडली आणि तो पुन्हा फुलला. ती त्याची नेहमीची सवय असते, हे मला तोवर माहीत झाले होते.

मागच्या कप्प्याच्या काचेवर मी मार्करने एक काळी रेघ ओढली आहे. रोज सकाळी चहा ठेवण्याआधी पाणी त्या रेघेपर्यंत भरते; मी गावी गेले की हे काम सासूबाई करतात, आणि खाऱ्या पाण्याच्या कॅनवर त्यांच्यासाठी लाल अक्षरांत 'हे नाही' असे लिहून ठेवले आहे.