सुप्याच्या माळावर, माती बघायला

बारामती तालुक्यातल्या सुप्याला लोक चिंकारा बघायला जातात. आम्ही गेलो माती बघायला, तेही जूनच्या मध्यावर, पहिल्या दोन-तीन सरी पडून गेल्यावर. चिंकारा दिसले, पण तो वरचा फायदा.

सोलापूर रस्त्याने चौफुल्यावरून आत वळलं तर लवकर पोचता येतं. माती बघायची असेल तर मात्र दिवे घाटाने जा: सासवड, जेजुरी, मोरगाव, मग सुपे. घाट चढला की पाऊस मागे राहतो. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, सुप्याकडे पाचशे गाठतानाही मारामार. जेजुरीच्या पुढे रस्त्यासाठी टेकाड कापलंय अशा ठिकाणी गाडी कडेला घेऊन दोन मिनिटं बघा. वर वीतभर माती, खाली पिवळट मुरूम, त्याखाली काळा कातळ. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो कातळ कुजून मुरूम होतो आणि मुरूम कुजून माती.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य छोटं आहे, पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. फाटकावर नोंद करून आत गेलात की प्राणी शोधायच्या आधी जमिनीचा उतार बघा. टेकाडाच्या माथ्यावर तांबूस, खडेमिश्रित, हलकी जमीन. खाली ओढ्याकडे जाल तशी ती काळी आणि खोल होत जाते. कातळ दोन्हीकडे तोच. फरक पाण्याने केला: पावसाने बारीक चिकण खाली वाहून नेली, आणि खोलगट भागात पाण्याचा निचरा नीट होत नाही म्हणून तिथे फुगणारी चिकण माती तयारही होत राहिली. तिचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे, पापुद्र्यावर पापुद्रा. पाणी आत शिरलं की पापुद्रे एकमेकांपासून दूर होतात, वाळलं की परत चिकटतात. काळ्या रानाच्या भेगा त्यातून आल्या.

दोन-तीन सरींनी त्या बुजल्या नव्हत्या. मी बाभळीची वाळकी काडी एका भेगेत सोडली, ती हातभर खाली गेली तरी टेकली नाही. (काडीच वापरा, हात घालू नका. आत विंचू असतो, कधी त्याहून लांबलचक काही.) भेगेच्या काठावर डाळीएवढ्या दाण्यांचा सुटा भुगा होता. वाऱ्याने, मेंढरांच्या खुरांनी तो भेगेत पडत राहतो, म्हणजे वरची माती खाली जाते. पुढे पावसात जमीन फुगते तेव्हा या भरलेल्या भेगांना जागा पुरत नाही आणि आतले थर एकमेकांवर घासतात. अभयारण्याबाहेरच्या ओढ्याच्या ताज्या दरडीत ते दिसलं. ढेकूळ उकललं तर आतली बाजू तिरकी आणि पॉलिश मारल्यासारखी गुळगुळीत. शेजारी चुनखडीचे पांढरे खडे होते. डब्यातलं लिंबू त्यावर पिळलं, बारीक बुडबुडे आले. बरोबरची मंडळी आधी हसली, मग प्रत्येकाला आपापला खडा हवा होता.

पण मला खरं सांगायचंय ते हिरवळीबद्दल. काळी म्हणजे कसदार आणि मुरमाड म्हणजे फुकट, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्या दिवशी मुरमाच्या उतारावर गवताचे कोंब बोटभर आले होते आणि खालची काळी अजून करडीच होती. कारण साधं आहे. दहा-पंधरा मिलिमीटरची सर मुरमात खड्यांच्या फटींतून खाली उतरते आणि उन्हापासून वाचते. चिकण माती तेवढंच पाणी वरच्या दोन-तीन बोटांत धरून ठेवते. त्यातलं बरंचसं ती मुळांना सोडत नाही, उरलेलं ऊन खातं. पाऊस भरपूर असेल तर काळीचा हात कोणी धरत नाही, रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. पण तुटपुंज्या पावसाच्या चराऊ रानात हिशेब उलटतो. एकट्या माथ्यावरून किंवा एकट्या ओढ्यावरून ‘इथली जमीन अशी’ असं म्हणायला मी आता धजणार नाही.

फाटकाबाहेर मेंढरं घेऊन निघालेले एक मामा भेटले. मी विचारलं, ‘मामा, खाली ओढ्याकडं न्हाई नेत?’

‘आता न्हाई. वल्ल्या काळीत घातली की खुरांत चिखुल बसतो, मग लंगडत्यात. दिवाळीनंतर बघू.’

माझं सगळं पुराण त्यांनी दोन-तीन वाक्यांत उरकलं.

अशा जमिनींची खरी वाळवंटी भावंडं अमेरिकेत, युटा आणि कोलोरॅडोत आहेत. तिथे कातळ लाव्हाचा नाही. डायनासोरांच्या काळातल्या उथळ समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळाचा शेल, म्हणजे पापुद्र्यांचा मऊ दगड आहे, मँकोस शेल म्हणतात. त्यातून आलेली माती करडी, चिकण, त्यात जिप्सम आणि जुन्या समुद्राचे क्षार. पाऊस आपल्या सुप्याच्या निम्म्याहूनही कमी. मीठ सोसणारी खुरटी झुडपं तेवढी टिकतात, जवळच्या वाळूमिश्रित जमिनीवर मात्र गवत असतं. सुप्यात पाहिलेला उलटा हिशेब तिथे आणखी टोकाला जातो. तिथे ओलिताखाली आणलेल्या शेतांतून क्षार आणि सेलेनियम झिरपून कोलोरॅडो नदीत जातात. आपल्याकडे क्षाराचं दुखणं बघायचं असेल तर फार लांब जायला नको, निरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात जा. कालव्याचं पाणी आलं, निचरा झाला नाही, काळी रानं खारवट आणि चोपण (क्षारांनी घट्ट, पाणी न मुरणारी) झाली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान १९१० च्या सुमारास या जमिनींचा अभ्यास करत होते, आणि पांढरी पापुद्री धरलेले तुकडे आजही दिसतात.

आता जाणाऱ्यांसाठी. भेगा बघायच्या तर एप्रिल-मे, पण सकाळी आठनंतर ऊन उभं राहू देत नाही. सावलीला हिवर आणि बाभळी, तीही विरळ. माथा आणि ओढा यांतला फरक बघायला पहिल्या सरींनंतरचा आठवडा उत्तम. उंच गवत हवं तर सप्टेंबर-ऑक्टोबर, मात्र पँटला कुसळं चिकटतात, मोजे जाड घाला. प्राण्यांसाठी थंडी बरी.

मोठा पाऊस झालेला असेल तर डांबरी सोडून काळ्या रानात दुचाकी घालू नका. चिखल मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये दाबून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. आमच्यासमोर दोघं जण काटकीने तो कोरत बसले होते. चारचाकीचंही फार वेगळं नाही. वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल सुकून जमीन नुसती ओलसर राहीपर्यंत, मुरमाच्या वाटेवरच राहा. बूट घोट्यापर्यंतचे हवेत, कारण मुरमाड दगडांत फुरसं असतं. पाणी माणशी तीन लिटर. लिंबू, लहान खुरपं, जुनं वर्तमानपत्र जवळ ठेवा. खुरपं अभयारण्याच्या आत मात्र काढू नका. आत खणायचं नाही, काही उचलायचं नाही. ढेकळं फोडायची हौस बाहेरच्या ओढ्यावर, मालकाला विचारून भागवा.

माती कोणती हे ओळखायला चिमूटभर ओली करून तळव्यावर वळी करा. मुरमाडीची वळी होता होता तुटते. काळीची सुतळीएवढी बारीक होते आणि वाकवली तरी मोडत नाही.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर इंदापूरकडचं कडबनवाडी किंवा बारामतीजवळचं शिर्सुफळ करा. दोन्हीकडे वनखात्याची गवताळ रानाची सफारी आहे, नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. जेवण मोरगावात उरका, देवळाच्या आसपास खानावळी आहेत. चतुर्थीला मात्र तिकडे फिरकू नका, गाडी लावायलाच तास जाईल.